झेडपीचा रस्ता, खड्डे आणि बजेट : पैसा नेमका अडकतो कुठे?

सरपंचताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. हमरस्त्यापासून गावापर्यंत चार किलोमीटरचा रस्ता, जिल्हा परिषदेच्या ताब्यातला. डांबर पडलं, दोन पावसाळे बरे गेले, तिसऱ्यात रस्ता उखडला. तेव्हापासून झेडपीच्या बांधकाम उपविभागात गेलं की 'निधी नाही' एवढंच ऐकायला मिळतं. दुसरीकडे पेपरात झेडपीच्या बजेटचे कोटींचे आकडे येतात, ऑफिसात नवं फर्निचर दिसतं. मग रस्त्याचा पैसा ऑफिसच खातं का, आणि ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय आहे, असं आपण विचारलंय.

मी झेडपीच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षांतली बहुतेक मराठवाड्याच्या काळ्या मातीत गेली, शेवटची थोडी कोकणात. या प्रश्नाने मलाही नोकरीभर छळलं आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी ऑफिसचं सांगतो, कारण गावात सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. झेडपीतून वर्षभरात जो पैसा फिरतो त्यातला फार मोठा वाटा पगारांचा असतो. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, आम्ही अभियंते, सगळ्यांचे पगार राज्य सरकारच्या अनुदानातून येतात. तो पैसा झेडपीच्या खात्यातून जातो, पण झेडपीला त्यातला एक रुपयाही रस्त्याकडे वळवता येत नाही. दुसरा मोठा ओघ योजनांचा : घरकुल, पाणीपुरवठा, शाळाखोल्या. तोही ज्या कामासाठी आला त्याच कामाला. मार्चमध्ये अर्थ समितीचे सभापती जे बजेट सभागृहात मांडतात, ते या सगळ्याचं नसतं. ते असतं झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, ज्याला आम्ही सेस म्हणतो. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, पाणीपट्टीवरचा उपकर, गाळ्यांची भाडी, ठेवींचं व्याज, एवढीच त्याची मिळकत. त्यातही २० टक्के मागासवर्गीयांच्या योजनांना, १० टक्के महिला व बालकल्याणला, ५ टक्के दिव्यांगांना आणि २० टक्के पाणीपुरवठ्याच्या देखभालीला बाजूला ठेवावे लागतात. हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उरलेल्यात शेती, पशुसंवर्धन, शिक्षण, इमारत दुरुस्ती, सादिल (ऑफिसचा किरकोळ) खर्च आणि रस्ते असे सगळे एकाच ताटाभोवती बसतात. जिल्ह्यातले सगळे ग्रामीण रस्ते एकीकडे आणि सेसमधून बांधकामाला मिळणारी रक्कम दुसरीकडे ठेवली, तर किलोमीटरमागे जे पडतं त्यात एका मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाचा, गाळही नीट निघत नाही.

फर्निचरचं म्हणाल तर त्यावर नजर ठेवाच, सरपंच म्हणून आपला तो हक्क आहे. पण ते सगळं विकून टाकलं तरी आपल्या रस्त्याचे दोनशे मीटरही होणार नाहीत. शोध दुसरीकडे घ्यायला हवा.

झेडपीच्या वाट्याला येतात इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे आमच्या भाषेत इजिमा आणि ग्रामा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. प्रत्येक रस्त्याला रस्ते विकास योजनेत क्रमांक दिलेला असतो. आपण प्रश्नात गावाचं नाव दिलंत, रस्त्याची लांबी दिलीत, पण क्रमांक दिला नाहीत. पहिलं काम तेच करा. क्रमांक नसलेला रस्ता सरकारदरबारी जवळजवळ नसल्यातच जमा. त्यावर पैसा मागायला लेखाशीर्षच, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातंच, सापडत नाही, आणि साहेब खुर्चीत बसून 'बघू' म्हणतात ते त्यामुळेच. गावकरी ज्याला वर्षानुवर्षं रस्ता म्हणतात तो कागदावर पाणंद, म्हणजे शेताशेतातून जाणारी वाट, निघाला, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. पाणंदीची वाट वेगळी, ती रोजगार हमी आणि पाणंद रस्त्यांच्या वेगळ्या योजनांमधून जाते. तिचा अर्ज घेऊन झेडपीच्या बांधकाम विभागात खेटे घालण्यात अर्थ नाही.

आता लेखाशीर्षं. हा भाग रुक्ष वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. रस्त्याचा पैसा मुख्यतः तीन आकड्यांनी ओळखला जातो : तीस-चोपन्न, पन्नास-चोपन्न आणि पंचवीस-पंधरा. लेखाशीर्षाचा पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर तो महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. म्हणजे ३०५४ हे मार्ग व पूल यांच्या देखभाल-दुरुस्तीचं शीर्ष, आणि ५०५४ हे नव्या बांधणीचं, रुंदीकरणाचं, सुधारणेचं. ग्रामविकास विभागाच्या २५१५ मधून गावांतर्गत रस्ते, गटारं, सभामंडप अशी मूलभूत सुविधांची कामं होतात, आणि ती बहुधा लोकप्रतिनिधींच्या पत्रावर मंजूर होतात. पैसा बराचसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि तिचे अध्यक्ष असतात पालकमंत्री.

नियोजन समितीच्या निधीला झेडपीकडे खर्चासाठी दोन वर्षं मिळतात. ऐकायला हे सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? मागच्या वर्षी सुरू केलेल्या कामांची देणी यंदाच्या निधीतून आधी भागवायची असतात. त्याला दायित्व म्हणतात. यंदाच्या तरतुदीतून दायित्व वजा करायचं आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट कामं मंजूर करायची, अशी पद्धत आहे. दीडपट मंजूर केलं म्हणजे पुढच्या वर्षीचं दायित्व तिथेच जन्माला आलं. एखाद्या वर्षी उत्साहात जास्त कामं घेतली की पुढची दोन-तीन वर्षं तो जिल्हा नुसती देणी फेडत बसतो. उपविभागातला माणूस आपल्याला 'निधी नाही' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. पैसा येतो, पण तो आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो.

३१ मार्चच्या रात्री मी कितीतरी वर्षं ऑफिसात काढल्या. रात्री अकराला बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, तरतूद उमटायची, मग बिलांची धावपळ. झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या मोजमापपुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर, एकजण नोंदी तपासतोय, एकजण बेरजा मारतोय, ठेकेदार बाहेर ओट्यावर डोळे चोळत बसलेले. त्या रात्री एक गोष्ट मला दरवर्षी बोचायची. बिलं असायची ती नव्या कामांची. दहा हजारांचं साईड गटार उपसल्याचं, पाच मोऱ्या मोकळ्या केल्याचं बिल त्या गठ्ठ्यात क्वचितच दिसायचं. देखभालीला कुणी नारळ फोडत नाही, तिचा फलक लागत नाही, म्हणून तिची मागणीच वर जात नाही.

आणि जे ३०५४ मध्ये येतं त्याचंही अनेकदा नवं कामच होतं. चार किलोमीटर रस्ता खराब आहे, पैसे आहेत चारशे मीटरचे. खरं पाहता त्या पैशात चारही किलोमीटरचे खड्डे भरून, साईडपट्ट्या ओढून, मोऱ्या साफ करून पुढची दोन वर्षं काढता आली असती. पण चारशे मीटर नवं कोरं डांबर दिसतं, खड्डे भरलेले दिसत नाहीत. मग तुकडा घेतला जातो. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा, बहुधा दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या ठेकेदाराकडून. दोन तुकड्यांच्या सांध्यावर लेव्हल जुळत नाही, तिथे पाणी साचतं आणि पुढच्या पावसात पहिला खड्डा तिथेच पडतो. आपल्या रस्त्यावरून एकदा चालत जा आणि डांबराचा रंग कुठे कुठे बदलतो ते पाहा. माझा अंदाज आहे, चार किलोमीटरमध्ये पाच-सहा रंग सापडतील. तो एक रस्ता नसून पाच-सहा वर्षांच्या मंजुऱ्या आहेत. मीही असे तुकडे केले आहेत. वरून आलेल्या यादीत जो मीटरचा आकडा असायचा त्याचं अंदाजपत्रक करून द्यायचो. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं असं आज वाटतं.

आता रस्ता का उखडतो त्याकडे येतो. गावात पहिला संशय ठेकेदारावर जातो. डांबर कमी टाकलं, खडी धुतली नाही, गरम माल ट्रकमध्ये गार झाला. असं होतं, आणि झालं तर सोडू नका. पण माझ्या अनुभवात वाईट बांधलेल्या रस्त्यांइतकेच, किंबहुना जास्तच, चांगले बांधलेले रस्ते पाण्याने मेलेले पाहिले आहेत.

ग्रामीण रस्त्यावरचं डांबर जाड नसतं. खाली खडीकरण, त्यावर बहुधा बीबीएम (खडी-डांबराचा थर), वर वीस मिलिमीटरचं डांबरी कार्पेट आणि सीलकोट (फटी बुजवणारा पातळ थर). म्हणजे वरचा थर बोटभर जाडीचा. त्याचं काम पाणी आत जाऊ न देणं एवढंच. ओझं पेलतात ती खालची खडी आणि त्याखालची माती. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि तिची ताकद जाते. वरून उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी गेली की खडी मातीत रुतते, डांबराला भेग पडते, भेगेतून आणखी पाणी आत जातं. मग भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं कार्पेट सुटतं. ते सुटल्याचं दिसतं पावसाळ्यात, पण त्याची सुरुवात आधीच्या उन्हाळ्यात न उपसलेल्या गटारात झालेली असते.

ओझ्याचंही एक गणित लक्षात ठेवा. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक चालवून हा चौथ्या घाताचा नियम काढला गेला. दिवसभर शंभर मोटारसायकली आणि दहा जीप गेल्या तर आपल्या रस्त्याला काही होत नाही. रात्री वाळूचे चार भरलेले हायवा डंपर गेले की होतं. खड्डे पडण्याआधीच्या वर्षी जवळपास कुठे खदान किंवा वाळूघाट सुरू झाला होता का, हे गावात विचारून पाहा.

पाण्याचा बंदोबस्त फार साधा असतो. पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण साडेपाच सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे तीन टक्के उतार मिळतो. जास्त पावसाच्या भागात थोडा अधिक. साईडपट्टी त्याहून जरा जास्त उतरती हवी, आणि तिच्या पलीकडे गटार. होतं असं की साईडपट्टीवर गवत वाढतं, गवतात माती अडते, दोन-तीन वर्षांत पट्टी डांबरापेक्षा चार बोटं उंच होते. मग डांबरावरून उतरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही, ते कडेकडेने वाहतं नाहीतर तिथेच मुरतं. ग्रामीण रस्त्याचे कडेचे दोन-दोन फूट आधी का खचतात, त्याचं कारण हे आहे. तिथे महागडं डांबर ओतण्याआधी फावड्याने पट्टी खाली उतरवायला हवी.

हे मला पुस्तकापेक्षा जास्त एका मैलकुलींनी, म्हणजे रस्त्याच्या देखभालीला नेमलेल्या मजुरांनी, शिकवलं. मी नवा होतो, ते निवृत्तीला आलेले. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर फावडं, भर पावसात ते रस्त्यावर असायचे. मला वाटायचं, पावसात कसलं काम होणार? एका जुलैत त्यांच्याबरोबर दोन किलोमीटर चाललो. जिथे पाणी डांबराच्या कडेला थबकलेलं दिसे तिथे ते पट्टीवर वीतभर रुंदीची आडवी चर मारत, पाणी गटारात पळालं की पुढे. एका चरीला मिनिटभर लागायचं. वाटेत मोरी आली. तिच्या नळकांडीच्या तोंडाशी उसाचं पाचट, एक फाटकी चप्पल आणि गाळ अडकला होता. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी तो हाताने ओढून काढला, आणि पलीकडच्या तोंडातून पाणी भसकन बाहेर आलं. त्या मोरीवरचा भराव त्या वर्षी वाहून गेला नाही. त्याचं अंदाजपत्रक, निविदा, बिल काहीच झालं नाही, कारण काम करायचा माणूस होता. पुढे ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. बघता बघता आमच्या उपविभागातल्या मैलकुलींच्या गँगच संपल्या. आज तेच काम ठेक्याने द्यायचं तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम वाटप किंवा निविदा आणि कार्यारंभ आदेश असा रस्ता चालावा लागतो. तोवर पावसाळा संपलेला असतो.

ऑफिसचा खर्च इथे पुन्हा येतो, पण आपण विचारलात त्याच्या उलट बाजूने. कनिष्ठ अभियंत्याला गाडी नसते. स्वतःच्या मोटारसायकलवर फिरायचं आणि प्रवास भत्त्याचं बिल टाकायचं, ते कधी निघेल ते निघेल. प्रिंटरचा टोनर संपला तर सादिलमध्ये पैसे नाहीत म्हणून कुणीतरी खिशातून आणायचा. रिक्त पदांमुळे एकाकडे दोन-दोन शाखांचा भार. अशात तो आपल्या रस्त्यावर वर्षातून कितीदा येणार? पावसात तर नाहीच. मग अंदाजपत्रक टेबलावर बसून होतं, मागच्या वर्षीचं समोर ठेवून. त्यात मोरी कुठे तुंबते, कुठल्या वळणावर पाणी रस्ता ओलांडतं, यातलं काही नसतं. हेड क्वार्टरच्या इमारतीवर होणारा खर्च आणि शाखेतल्या अभियंत्याच्या पेट्रोलवर होणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल जरूर प्रश्न विचारा. दुसरा वाढावा म्हणून मात्र सरपंचांनीच आवाज उठवायला हवा, कारण तो वाचवल्याने रस्त्याचे कितीतरी पट पैसे वाया जातात.

ग्रामपंचायत काय करू शकते, ते आता सांगतो.

क्रमांक मिळाला की शेवटचं डांबरीकरण कोणत्या योजनेतून झालं ते लेखी विचारा. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालं असेल तर पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते, आणि ती करारातच लिहिलेली असते. त्या काळात निधी नाही हे उत्तरच लागू होत नाही. आपला रस्ता तिसऱ्या पावसाळ्यात उखडला, म्हणजे तेव्हा मुदत चालू असण्याची शक्यता होती. इतर योजनांतल्या कामालाही दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) असतो, तो करारात पाहावा लागतो. तोंडी तक्रार करत राहिलात आणि मुदत उलटली तर ठेकेदाराची अनामत परत जाते आणि विषय संपतो. तारीख टाकून, फोटो जोडून पत्र द्या, आवक क्रमांक घ्या. माहिती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात करारनाम्याची आणि मोजमापपुस्तिकेची प्रत मागा. 'रस्ता कधी करणार' असा अर्ज करू नका, त्यातून कागद मिळत नाही.

दुसरं, गावातलंच आणि अवघड. रस्त्याकडेचं गटार शेतात गाडी उतरवायला कुणी बुजवलं आहे, हे आपल्याला माहीत असतं. विहिरीची पाईपलाईन पलीकडच्या शेतात न्यायला कुणी रात्रीतून डांबर आडवं फोडलं, तेही माहीत असतं. ती चर माती लोटून बुजवली जाते, दबते, आणि तिथून रस्ता दोन्ही बाजूंना उसवत जातो. पाणीपुरवठ्याच्या नळवाहिनीसाठी साईडपट्टी उकरली गेली असेल तर ती पूर्ववत करून घेणं हा त्या कामाचाच भाग असतो. हे ऑफिसातून होत नाही. भाऊबंदकीत वाईटपणा येतो, खरं आहे. दंडाची भाषा न करता शेतात उतरायच्या जागी सिमेंटचा पाईप टाकून द्यायचा पर्याय ठेवलात, तर बहुतेक शेतकरी ऐकतात.

तिसरं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात रस्त्याच्या देखभालीची ओळ घाला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते आणि मोऱ्या हा विषय पंचायतींकडे आहे, आणि वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) भाग त्यासाठी वापरता येतो. मोठी रक्कम लागत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात जेसीबी दोन दिवस आणि चार माणसं आठवडाभर, एवढ्यात चार किलोमीटरची गटारं उपसून होतात, मोऱ्या मोकळ्या होतात, बाभळी छाटल्या जातात. रस्ता झेडपीचा असल्याने उपअभियंत्यांची लेखी संमती आधी घ्या, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप येणार नाही.

झेडपीकडे मागणी करताना ठरावात 'रस्ता डांबरीकरण करणे' असं मोघम लिहू नका. ते यादीत शंभर ठरावांखाली जातं. दिवाळीच्या आसपासच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह) लिहा : कुठून कुठपर्यंत खड्डे भरायचे, कुठे पट्टी उतरवायची, कोणत्या मोरीची नळकांडी फुटली आहे. आणि खालच्या ओळीत स्पष्ट लिहा की चारशे मीटरचा नवा तुकडा नको, संपूर्ण लांबीची दुरुस्ती ३०५४ मधून हवी. असा ठराव फारसा कुणी देत नाही, म्हणून तो नजरेत भरतो. खड्डे भरायला माणसं आली की तिथे थांबा. खड्डा चौकोनी कापला का, आतली धूळ काढली का, डांबराचा पातळ हात मारला का, माल थरात दाबला का, एवढं पाहिलंत तरी पुरे. गोल खड्ड्यात माल ओतून फावड्याच्या पाठीने थोपटला तर तो महिनाभरात निघेल, तेव्हा तिथेच थांबवा आणि अभियंत्यांना फोन करा.

हे सगळं करायला कागद लागतील, पण त्याआधी एक काम आहे. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी, पाऊस चालू असतानाच, छत्री घेऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. बरोबर दोन माणसं आणि खुंट्यांचं ओझं घ्या. पाणी जिथे डांबरावर थांबलेलं दिसेल तिथे कडेला खुंटी ठोका, तिला लाल चिंधी बांधा आणि फोटो काढा. उन्हाळ्यात अंदाजपत्रक करायला येणाऱ्या अभियंत्याला त्या जागा दिसत नाहीत. तो आला की त्याला त्या खुंट्यांपाशी उभा करा.